डब्यातला चीक

मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतो. लोक नमुने आणून देतात, आम्ही त्यातलं प्रोटीन, फॅट, पाणी, राख मोजून रिपोर्ट देतो. हल्ली चिकाची पावडरही येते. बाजारात तिला कोलोस्ट्रम म्हणतात आणि ताकदीचं औषध असल्यासारखी ती खपते. तेव्हा चिकात काय असतं हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच आईशी मी जे वागलो ते नकळत झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

गाय व्याल्यानंतरची पहिली धार म्हणजे चीक. नेहमीच्या दुधाहून तो वेगळाच पदार्थ. दाट, पिवळसर. जीवनसत्त्व अ भरपूर, दुधातली साखर कमी, आणि प्रोटीन दुधाच्या कितीतरी पट. त्यातलं बरंचसं वासराला रोगांपासून राखण्यासाठी असतं. नवजात वासराचं आतडं ते जसंच्या तसं रक्तात घेतं. मोठ्या माणसाच्या पोटात मात्र ते बहुतेक पचूनच जातं, डाळीतलं किंवा अंड्यातलं प्रोटीन पचतं तसं. चीक पौष्टिक आहे, यात वाद नाही. पण चमचाभर पावडरीने म्हातारं माणूस उठून पळायला लागत नाही.

या प्रोटीनचा एक गुण आईलाही ठाऊक होता. ते वाफेवर घट्ट होतं. साधं दूध उकळतं, पण धरत नाही. चीक धरतो आणि त्याच्या वड्या पडतात. खरवस म्हणजे दुसरं काही नाही. प्रत्येक धारेगणिक हे प्रोटीन उतरत जातं आणि तीन-चार दिवसांत खरवस होण्याजोगं काही उरत नाही.

आई न्यूमोनियातून उठली होती. हॉस्पिटलातून काळाचौकीच्या आमच्या खोलीत आली आणि जेवणावरून तिचं मनच उडालं. पेज पुढे केली तर दोन घास. एकदा आपणहून म्हणाली, "खरवस मिळाला तर खाईन रे."

मुंबईत चीक मिळतो. लालबागच्या डेअरीत सांगून ठेवायचं, त्यांच्या जोगेश्वरीच्या तबेल्यात म्हैस व्याली की फोन येतो, मग पहाटे तिथे जाऊन घ्यायचा. मी म्हणालो, "बघतो." आमच्या घरात 'बघतो' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

त्याच आठवड्यात दादरला एका दुकानात डबा दिसला. पुढे गाईचं चित्र, चिकाचं नाव ठळक. मागे घटक होते. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिली दूध पावडर, मग साखर, चीक शेवटाकडे. मी सगळं वाचलं आणि तरी घेतला. घरी येऊन आईला सांगितलं, "पहिल्या दिवसाचा चीक आहे. सुकवलेला. रोज कोमट पाण्यातून घे."

तिने डबा फिरवून पाहिला. "एवढ्याशा डब्यात गाय मावली कशी?"

पाण्यातून तिने तो एकदाही घेतला नाही. चिकाचं काय करायचं असतं हे तिला मी का सांगणार? रविवारी ती आजारपणानंतर पहिल्यांदा ओट्याशी उभी राहिली. गूळ किसला, वेलची कुटली, जायफळ उगाळलं. बायको म्हणाली, "आई, बसा हो, मी करते." तिने ऐकलं नाही. वर शेजारच्या काकींना हाक मारून सांगितलं, "दुपारी वाटी घेऊन ये गो!"

काकी वाटी घेऊन आल्या. आईने झाकण काढलं. आत गुळाचं पाणी आणि त्यावर फाटलेल्या दुधाचे कण. पुन्हा वाफ दिली, तरी तेच.

काकी म्हणाल्या, "डब्यातली गाय व्यालीच नाही वाटतं!"

सगळे हसले. आईही हसली. काकी गेल्यावर तिने भांडं मोरीत नेलं. "गाईला कशाला बोल लावायचा? माझा हात गेला."

मी तिथेच होतो, पेपर वाचत. तेव्हा बोललो असतो तर एका वाक्यात संपलं असतं.

त्यानंतर ती ओट्याकडे फिरकेना. बायकोने विचारलं, बांगड्याचं तिखलं तुम्ही करता का, तर म्हणाली, "तूच कर. माझ्या हाताचं आता काही खरं नाही." बायको मला म्हणाली, "अहो, आईंना काय झालंय? विचारा ना." मी म्हणालो, "अशक्तपणा." आजारपणातून उठण्यासारखं तिच्याकडे एकच कारण होतं, तो ओटा. ते मी काढून घेतलं होतं आणि वर त्याला अशक्तपणा म्हणत होतो.

एका संध्याकाळी बायकोने तिला आमटीची चव बघायला बोलावलं. आईने चमचा तोंडाला लावला, पुन्हा लावला, मग खाली ठेवला. "मीठ बरोबर आहे की नाही, मला सांगता येत नाही."

मी उठलो. "आई, तुझा हात गेला नाही. त्या डब्यात चीक नावापुरता होता. बाकी दूध पावडर. ती कुणाच्या हातून धरली नसती."

"तुला कसं माहीत?"

"घेतानाच माहीत होतं. तबेल्यात जायचा कंटाळा केला मी."

तिने आमटीखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, "पहिल्या दिवसाचा म्हणालास म्हणून मी वाटी लावली नाही."

चीक कितव्या धारेचा आहे ते नक्की नसलं की ती आधी वाटीत चमचाभर वाफवून बघते. किती धरतो ते पाहून किती दूध घालायचं ते ठरवते. आयुष्यभर तिने हे केलं होतं. माझ्या शब्दावर विसंबून एकदाच सोडलं.

रागावली की ती मालवणीत शिरते. "मेल्या, माका आधी सांगूक काय झाला तुका? इतके दिस मी माझ्याच हाताक शिव्या घालतंय!" आणि आमटीत चिमूटभर मीठ टाकून ती तरातरा कॉटवर जाऊन बसली. आधी मीठ कमीच होतं आणि आता बरोबर झालं होतं, हे जेवताना सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना लालबागच्या डेअरीत नंबर देऊन आलो. फोन यायला बरेच दिवस लागले. आला तेव्हा उजाडायच्या आत गेलो आणि बरणी आणली. म्हशीचा असल्याने पिवळा नव्हता, पण हलवला की जड हलत होता.

आई ओट्याशी उभीच होती.

"पहिल्या धारेचा आहे," मी म्हणालो. "तबेलेवाल्याला स्वतः विचारून आणलाय."

"हो का?" ती म्हणाली, आणि फळीवरून छोटी वाटी काढली. "तू सांगतोयस ना, म्हणून आधी वाटी लावते."