स्थलांतरित वगळून

हिंगोलीत एका ऑफिसात मी कंत्राटी डेटा ऑपरेटर आहे. गावोगावच्या आशाताई गरोदर बायांची माहिती मोबाईलमध्ये भरतात आणि ती माझ्या पडद्यावर नकाशातले ठिपके होऊन येते. बाई बरी असेल तर हिरवा ठिपका, अंगात रक्त फार कमी असेल तर लाल. लाल ठिपक्यांची यादी दर सोमवारी आपोआप तालुक्याला जाते आणि तिथून गावच्या आशाताईला फोन जातो, की हिच्या घरी जा, हिला दवाखान्यात आण. गावात कोणी विचारलं की मी छाती फुगवून सांगायचो, सगळ्या जिल्ह्यातल्या बाया मला एका जागी बसून दिसतात.

दिवाळीनंतर वरिष्ठांची बैठक होती. ऊसतोडीला गेलेल्या बायांचे ठिपके लालच राहायचे, कारण बाई कारखान्यावर गेल्यावर तिची पुढची तपासणी भरणार कोण? साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "ज्या इथं न्हाईतच, त्यांच्यापायी आपण काहून बोलणी खायची? काढून टाक त्या."

मला ते बराबर वाटलं. खोटं कशाला सांगू, पटलंच. फिल्टरच्या यादीत 'स्थलांतरित' या शब्दापुढच्या चौकोनात टिक होती, ती मी काढली. नकाशा श्रावणातल्या रानासारखा हिरवागार झाला आणि साहेबांनी पाठीवर थाप मारली. बैठक झाली की टिक परत लावायची, असं मनाशी ठरवलं होतं. पण हिरवा नकाशा कोणाला नको असतो? राहू दिला तसाच. सोमवारची यादी त्याच नकाशातून निघते हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर वारंगा फाट्याच्या पलीकडं आणि आमचं गाव पुसेगावजवळ. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला आणली. घागर सोडा, तांब्या उचलला तरी तिला धाप लागायची. ओठ पांढरे पडले होते. आई म्हणायची, पहिलटकरणीला असं होतंच.

आमच्या गावची आशाताई एकदा दारात आली. "हिची नोंद इकडं करून घेऊ का?" तिनं विचारलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी जेवत होतो. तोंडातला घास न गिळताच म्हणालो, "सासरी झालीय नोंद. दोनदा केली की घोळ होतो. काही तकलीफ असंल तर यादीत नाव येतंच की."

"तुमी म्हणता तर ठीक हाय," म्हणून ती गेली. मी ऑफिसातला माणूस, माझा शब्द ती कशी मोडणार? पुढचे सगळे सोमवार यादीत बहिणीचं नाव नव्हतं, आणि मी निवांत होतो.

नववा लागला आणि एका दुपारी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. जीप करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद हातात धरून माझ्यावर उखडल्या. "इतक्या कमी रक्तावर ही पोरगी फिरून राहिली, अन् तुमी घरचे काय करत होते?" बहीण वाचली. तिचं लेकरू वाचलं नाही. मुलगी होती. माझ्या हातात दिली तेव्हा अजून कोमट होती.

आठवड्यानं ऑफिसात गेलो आणि सगळ्यात आधी ती टिक परत लावली. लाल ठिपके परत आले. वारंगा फाट्याच्या पलीकडच्या एका ठिपक्यावर माऊस नेला, तर बहिणीचं नाव उघडलं. माहेरी निघायच्या आदल्या आठवड्यातली तपासणी, रक्त धोक्याइतकं कमी. तिच्या सासरच्या आशाताईनं सगळं नीट भरलं होतं. फक्त 'माहेरी गेली' असा पर्यायच मोबाईलमध्ये नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या गावीही नसावं. मग त्या बिचारीनं त्यातल्या त्यात जवळचा शब्द निवडला, स्थलांतरित. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण त्या मलाच लागू होत्या. तो ठिपकाही एकटा नव्हता. माहेरी आलेल्या किती जणी त्या एका शब्दाखाली गाडल्या गेल्या होत्या. त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही, एकेका तालुक्याला फोन लावत बसलो.

संध्याकाळी घरी आलो. बहीण बाजेवर पडली होती. दूध आटावं म्हणून आईनं तिच्या छातीला फडकं करकचून बांधलं होतं.

"दादा, तुला तिथं समद्या बाया दिसतात म्हणतोस. मी दिसले न्हाई का रे?"

खरं काय ते सांगायचं म्हणून मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग तू तरी काय करशील," ती म्हणाली, आणि आईला हाक मारून सांगितलं, "माय, दादानं सकाळपासून काही खाल्लेलं दिसत न्हाई. त्याला वाढ."