बटण, बटण, बटण

तिला सगळे कात्रीताई म्हणतात आणि तिला ते आवडतं. आम्ही वाचणारे लोक बोलक्या पुस्तकांसाठी बंद खोलीत बसून वाचतो, आणि आमचे अडखळे, खाकरे, दोनदा वाचलेली वाक्यं, खुर्चीची कुरकुर, सगळं ती कापून काढते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय सुरेख वाचतात बाई! सुरेख कसलं, निम्मं कापलेलं असतं.

मी निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली, पण घसा काही गप्प बसेना, म्हणून या कामाला लागले. पहिल्याच दिवशी तिनं मला मधेच थांबवलं. कानातल्या हेडफोनमधून तिचा आवाज आला, "बाई, तुम्ही वर्गाला शिकवताय. इथं एकच माणूस ऐकतोय आणि तो झोपायच्या बेतात आहे. त्याच्यावर ओरडू नका."

एवढ्या वर्षांत मुख्याध्यापकांनीसुद्धा मला असं तोंडावर सांगितलं नव्हतं. दुपारी चहाला काचेपलीकडच्या तिच्या खोलीत गेले, तर तिच्यासमोरचा कॉम्प्युटरचा पडदा काळाभोर. म्हटलं, "बंद पडलाय की काय?"

"नाही, मी लावतच नाही. मला काय दिसतंय? उगाच वीज कशाला जाळायची!"

तेव्हा मला कळलं की तिला जन्मापासून दिसत नाही.

तिची कामाची रीत बघण्यासारखी होती. डाव्या कानात कॉम्प्युटर तिला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगानं की मी ऐकून बघितलं तेव्हा चिमण्या भांडतायत असं वाटलं. उजव्या कानात मी. माउसला तिनं जन्मात हात लावला नव्हता. सगळं काम कीबोर्डवर, आणि त्या कीबोर्डवर तिनं वर्षानुवर्षं बसून स्वतःच्या सोयी करून घेतल्या होत्या. मी चुकले की ती मला थांबवायची नाही. एक कळ दाबून तिथं खूण टाकायची आणि मला पुढे जाऊ द्यायची. वाचन संपलं की या खुणेवरून त्या खुणेवर उड्या मारत जायची. दुसरी एक कळ दाबली की चूक कापली जाई, मोकळ्या जागी शांतता भरली जाई आणि दोन्ही टोकं अलगद सांधली जात. तीन कामं, एक बोट.

शांतता भरतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. कापलेल्या जागी नुसती पोकळी ठेवली तर ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून वाचनाआधी ती मला जरा वेळ गप्प बसवायची आणि त्या खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवायची. मला गप्प बसवणारी ती पहिलीच.

स्टुडिओत तिच्याइतकं झटपट काम कुणाचंच नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. पुढे जे झालं ते समजायला हे माहीत असलेलं बरं.

मालकीणबाईंनी कामाचा वेग वाढवायला एक नवे साहेब आणले. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. हा गोड बोलायचा. सगळ्यांना ताई, दादा म्हणायचा आणि ज्याला त्याला विचारायचा, "इथं तुमचा वेळ कुठे वाया जातो?" कात्रीताईनं सांगितलं, "तुमच्या बैठकांत." साहेब हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

मग एका सोमवारी सगळ्या कॉम्प्युटरांवरचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं गेलं. बाकीचे खूश. रंगीबेरंगी पट्ट्या, माउसनं उचला, ओढा, सोडा. बाजूच्या टेबलावरचा पोरगेला संपादक म्हणाला, "खेळण्यासारखं आहे हो!"

कात्रीताईनं हेडफोन चढवला आणि एक कळ दाबली. कानातला आवाज म्हणाला, "बटण." पुढची कळ दाबली. "बटण." आणखी पुढची. "बटण."

कापायचं बटण कुठलं, राखून ठेवायचं कुठलं, सगळं पुसून टाकायचं कुठलं, कशालाही नाव नाही. करणाऱ्यांनी प्रत्येक बटणावर नाजूक चित्र काढलं होतं आणि त्या चित्राला एक शब्द जोडायचा कंटाळा केला होता. एक शब्द हो! 'कापा' लिहायला असे कितीसे कष्ट पडतात? पहिलीतली पोरं लिहितात. आणि तिनं जमवलेल्या कळा? त्या नव्या सॉफ्टवेअरला मान्यच नव्हत्या. पट्टी माउसनंच ओढायची. न दिसणाऱ्या पडद्यावर, न दिसणाऱ्या बाणानं.

ती साहेबांकडे गेली. मी तिथंच होते.

"माझ्या टेबलावर जुनं परत घाला," ती म्हणाली.

"ताई, थोडी सवय होऊ द्या. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं."

"साहेब, जिन्याची सवय होते. भिंतीची कशी व्हायची?"

"मी समजू शकतो तुमची अडचण. पण सगळ्यांची कामाची पद्धत एकच असली पाहिजे. उद्या तुमची फाइल दुसऱ्याला उघडायची झाली तर?"

"उघडेल. करून बघितलंय का?"

"बघू आपण," साहेब म्हणाले. हे 'बघू' मी सरकारी शाळेत आयुष्यभर ऐकलं आहे. त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

तरी ती हटली नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चाचपडत, कुठलं बटण काय करतं ते एकेक दाबून बघत, पाठ करत राहिली. एकदा चुकीचं दाबलं आणि माझं अख्खं प्रकरण पुसलं गेलं. मी म्हटलं, "जाऊ दे, पुन्हा वाचते." ती म्हणाली, "तुम्ही वाचाल हो. पण मी कोण आहे इथं? कात्री होते, आता लाटणं झाले, सगळंच सपाट."

पुढच्या खेपेला मी गेले तर दारातून आत येतानाच भिंतीवर एक मोठा पडदा लावलेला. त्यावर कोण किती वेगानं काम करतं त्याच्या आडव्या रेघा. वरच्या हिरव्या, खालच्या लाल. मला सवय आहे, समोर लिहिलेलं दिसलं की मोठ्यानं वाचायची. मी वाचत सुटले आणि सगळ्यात खाली लाल रेघेपाशी कात्रीताईचं नाव आलं. ती माझ्या मागेच उभी होती.

"बाई, काय वाचताय?"

मी सांगितलं. मग मोकळ्या खोलीला विचारावं तसं तिनं विचारलं, "हे कधीपासून लावलंय?"

टेबलांपाशी बसलेले सगळे एकदम कामात बुडाले.

"म्हणजे बरेच दिवस झाले," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "माझी अब्रू भिंतीवर टांगलीत आणि मला वाचूनसुद्धा दाखवली नाहीत? रोज मी या पडद्याखालून गुड मॉर्निंग म्हणत जात होते!"

साहेब बाहेर आले. "ताई, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता."

"हेतू नव्हताच, साहेब. मी आहे हेच तुमच्या लक्षात नव्हतं."

त्या दिवशी मी तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत गेले. रस्ताभर तिची पांढरी काठी फुटपाथवर अशी आपटत होती की माणसं बाजूला होत होती. दार सासूबाईंनी उघडलं. सुनेचा चेहरा बघून त्या मला म्हणाल्या, "ही कोणाला तरी खाऊन आलीय."

"अजून नाही खाल्लं, आई."

"मग आधी जेव. भरल्या पोटी भांडण चांगलं जमतं." तिचा नवरा फिरतीवर असतो, त्यामुळे घरात या दोघींचंच राज्य. सगळी हकिगत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "काय धाड भरलीय मेल्यांना! पण नोकरी सोड असं मी मुळीच म्हणणार नाही. तू घरी बसलीस तर मलाच कापत बसशील."

दुसऱ्या दिवशी तिनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवलं की बटणांना नावं द्या. तिकडून गुळगुळीत उत्तर आलं: आपली सूचना मोलाची आहे आणि ती भविष्यातील सुधारणांसाठी नोंदवण्यात आली आहे. तिनं ते मला ऐकवलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही व्याकरण शिकवायचात ना? या लोकांना वर्तमानकाळ नसतो का?"

मग साहेबांनी तोडगा काढला. तिनं संपादन सोडायचं आणि तयार झालेली पुस्तकं नुसती ऐकून चुका सांगायच्या. "तुमचे कान इतके तयार आहेत, ताई! या कामाला तुमच्याशिवाय योग्य कोणी नाही." पगार तोच, खुर्ची जास्त मऊ.

"कान चांगले आहेत म्हणून हात काढून घेताय?" ती म्हणाली. "दुसऱ्यांनी कापायचं आणि मी वाहवा म्हणायचं? मी संगीतात पदवी घेतलीय, ध्वनीचं शिक्षण घेतलंय, हे काम मी परीक्षा देऊन मिळवलंय. तुमची मऊ खुर्ची तुम्ही घ्या, तुम्हाला बसायची सवय आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच कळत नव्हतं की ही बाई एवढी का चिडते. आपण तिचं भलं करतोय, असंच त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, आणि मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्या प्रामाणिकपणाचा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमची निम्म्याहून जास्त पुस्तकं जायची ती न दिसणाऱ्यांसाठी असलेल्या एका वाचनालयात. हो, बरोबर वाचलंत. त्या वाचनालयाच्या प्रमुख बाई एकदा स्टुडिओ बघायला आल्या. डोळस, वयस्कर, कमी बोलणाऱ्या. साहेब त्यांना सगळं फिरून दाखवत होते: ही ध्वनिमुद्रणाची खोली, हे नवं सॉफ्टवेअर, हा वेगाचा पडदा. साहेबांनी आपला तोडगा अमलात आणला होता, पण कात्रीताई मऊ खुर्चीवर बसली नव्हती. ती आपल्या जुन्या टेबलापाशी उभी होती.

"मी इथली संपादक," ती म्हणाली. "तुमच्या वाचनालयाची निम्मी पुस्तकं माझ्या हातून गेलीत. आता जाणार नाहीत, कारण मला दिसत नाही."

साहेब पुढे झाले. "ताई, हे आपण नंतर..."

"बोलू द्या त्यांना," प्रमुख बाई म्हणाल्या.

ताईनं सगळं सांगितलं. रडली नाही, हात जोडले नाहीत. बटणांचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं, मऊ खुर्चीचं सांगितलं. प्रमुख बाईंनी साहेबांना विचारलं, "जुनं सॉफ्टवेअर एका टेबलावर ठेवायला काय अडचण आहे?"

"पद्धत एकच हवी, मॅडम. फाइल दुसरीकडे उघडणार नाही."

"उघडून बघितलीय?"

साहेबांनी पोरगेल्या संपादकाकडे पाहिलं. त्यानं खाली मान घालून तिची एक जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. उघडली. माझाच आवाज आला, स्वच्छ, एकही अडखळा नसलेला. म्हणजे एवढे दिवस जे अशक्य म्हणून सांगितलं, ते कुणी करूनसुद्धा बघितलं नव्हतं!

प्रमुख बाई जास्त काही बोलल्या नाहीत. जाताना मालकीणबाईंच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आत काय झालं कुणास ठाऊक, पण त्याच आठवड्यात ताईच्या टेबलावर जुनं सॉफ्टवेअर परत आलं आणि भिंतीवरचा पडदा उतरला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण साहेबांनी सगळ्यांना ईमेलनं कळवलं की कात्रीताईंना 'विशेष सवलत' देण्यात येत आहे. कानातल्या आवाजानं ते वाचलं मात्र, ती तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सवलत कसली? बाकीच्यांना पडदे दिलेत, दिवे लावलेत, ती त्यांना सवलत आहे का? मी तर दिवासुद्धा वापरत नाही. तो शब्द काढा."

काढला. पुढच्या महिन्यात स्टुडिओचं माहितीपत्रक निघणार होतं, त्यात तिचा फोटो आणि खाली 'अंधत्वावर मात!' असं छापायचं ठरलं. मजकूर मला वाचायला दिला होता, मी तिला वाचून दाखवला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग साहेबांना म्हणाली, "अंधत्वावर मी कधी मात केली? ते आहे तिथंच आहे, आमचं बरं चाललंय. मात तुमच्यावर केली. ते छापा, मग फोटो देते."

छापलं नाही, अर्थात. फोटोही गेला नाही.

जुनं सॉफ्टवेअर आता बनवणाऱ्यांनी सोडून दिलंय. कधीतरी ते चालायचं थांबेल, हे ती जाणून आहे. म्हणून कीबोर्डवर चालणारं दुसरं एक सॉफ्टवेअर ती सुट्टीच्या दिवशी घरी शिकते, आणि सासूबाई तक्रार करतात की घरात दिवसभर चिमण्या भांडतात. नव्या सॉफ्टवेअरमधल्या बटणांना अजून नावं मिळालेली नाहीत. ती दर काही महिन्यांनी त्यांना कळवते, ते दर वेळी आभार मानतात.

परवा मी तिला म्हटलं, "झालं ना एकदाचं मनासारखं?"

"मनासारखं?" ती एकदम माझ्याकडे वळली. "बाई, माझंच होतं ते काढून घेतलं आणि माझंच परत दिलं. मधे माझा केवढा वेळ गेला त्यात! त्या वेळात मी किती पुस्तकं केली असती!"

तिनं हेडफोन चढवला, मला खोलीत जायची खूण केली, आणि आम्ही कामाला लागलो.