सुभेदारांची फिरती जोडी

“मामला गंभीर हाय. कुनी हसायचं न्हाई.”

साताऱ्याच्या आमच्या क्लबात हे वाक्य ऐकू आलं, की आम्ही हातातले पत्ते खाली ठेवत असू. दारात सुभेदार उभे असायचे. टाचा जुळलेल्या, मिशा पिळलेल्या, काखेत बंदुकीसारखी रॅकेट. ते घसा साफ करायचे, एकेकाच्या तोंडाकडे पाहायचे आणि मग जाहीर करायचे, की क्लबाच्या फुलाची पिसं उंदरांनी खाल्ली आहेत.

फूल म्हणजे बॅडमिंटनचं फूल. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, चांगलं फूल मिळायचं नाही, तेव्हा मामला खरंच गंभीर असायचा. पण तुम्हीच सांगा, एवढ्या तयारीनंतर उंदीर निघाले तर हसू कसं आवरायचं?

सुभेदार मूळचे विट्याकडच्या एका खेड्यातले. युद्धात भराभर बढत्या मिळाल्या, युद्ध संपताच पलटणीतून मोकळे झाले आणि साताऱ्यात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान टाकून बसले. बॅडमिंटन बराकीत शिकलेले. आम्ही त्यांना क्लबाचे चिटणीस केलं, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. मी तेव्हा नवाकोरा वकील होतो. पक्षकार नव्हते, त्यामुळे पंच म्हणून माझी नेमणूक कायमची होती.

एका संध्याकाळी सुभेदार असेच दारात उभे राहिले. मामला गंभीर असल्याचं सांगून झालं. पुढे म्हणाले, “औंदा सांगलीवाल्यांशी मिक्स डबल. येक पुरुष, येक बाई. आन जोडीदार फिरता.”

खाली ठेवलेले पत्ते दोघांनी पुन्हा उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

आदल्या वर्षी सातारा विरुद्ध सांगली असा पुरुषांचा सामना झाला होता. फूल रेषेच्या आत पडलं की बाहेर, यावरून इतकं पेटलं, की सांगलीकरांनी आमच्यासाठी आणलेल्या भडंगाची पिशवी न उघडताच परत नेली. सुभेदारांनी यावर तोड काढली. पुरुष आपापल्या जागी राहणार. डाव संपला की बायका एकेक घर पुढे सरकणार, पहाऱ्यावरची ड्यूटी बदलते तशी. प्रत्येक बाई प्रत्येक पुरुषाची जोडीदार होणार, मग गाव कुठलं आणि भांडण कुणाशी? गुण ज्याचे त्याला. शेवटी सर्वांत जास्त गुणांच्या पुरुषाला एक तांब्या, बाईला एक तांब्या.

“आणि स्वतःच्या बायकोबरोबर?” एकाने चाचरत विचारलं.

“तीबी पाळी येनारच की,” सुभेदार म्हणाले आणि उगीचच रॅकेटच्या तारा तपासू लागले.

मला संशय आला. दुसऱ्या दिवशी दुकानात चहा पिताना मी म्हणालो, “सुभेदार, एवढी चाकं फिरवायची कशाला? सरळ नवरा-बायको एका बाजूला उभे करा.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली गेला. “वकीलसाहेब, मामला गंभीर हाय. लगीन झालं आन म्हयन्यात मी पलटनीत गेलो. सहा वर्सांनी आलो तर घरात मीच पावना. आमी दोघं बोलतच न्हाई.”

“भांडण झालंय?”

“भांडाय तरी बोलाय लागतं न्हवं?”

हळूहळू उलगडा झाला. घरात त्यांची म्हातारी. थोरांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. आणि म्हातारी घरातून हलायची नाही. “ती म्हातारीला सांगती, ‘आत्ती, वाढलंय म्हनावं.’ मी म्हातारीला सांगतो, ‘आई, कालवनात मीठ न्हाई म्हनावं.’ तिगंबी येकाच खोलीत, वकीलसाहेब. पाटाला पाट लागून.”

“मग त्यांना खेळायला तुम्हीच बोलवा.”

“मी बोलवलं तर म्हातारी म्हनंल, बायकूच्या पदराला बांधला. फिरती जोडी असली म्हंजे कुनाकडं बोट न्हाई. चाक फिरलं, जोडी पडली.” त्यांनी कप खाली ठेवला. “येक वाक्य पायजे बगा. सरळ माज्याशी. शिवी दिली तरी चालंल.”

आता या माणसाला हसायचं कसं? मी घरी जाऊन सगळं आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं. त्या तशाच उठल्या, सुभेदारांच्या घरी गेल्या आणि म्हातारीला म्हणाल्या, “आत्याबाई, सांगलीच्या बायका येणार आहेत आणि आपल्याकडे एक बाई कमी पडतेय. साताऱ्याची मान खाली जायची वेळ आलीय.”

म्हातारी मशेरी लावत होती. थुंकून आली आणि सुनेला म्हणाली, “जा गं. म्याबी येते बगाय.”

म्हणजे अर्धी लढाई जिंकलो आणि अर्धी तिथेच हरलो.

सुभेदारीणबाई आमच्या परसात शिकायला येऊ लागल्या. पहिल्या दिवशी रॅकेट लाटण्यासारखी धरली. चौथ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती फूल शोधायला शेजारच्यांच्या विहिरीपर्यंत गेल्या. लहानपणी शाळूच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकलली होती बाईंनी. मनगट तयारच होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं.

रंगीत तालीम झाली त्या दिवशी मोठाच घोटाळा उडाला. परक्या बाईला हाक मारायची तर सगळे पुरुष ‘वहिनी’ म्हणणार. एकाने “वहिनी, घ्या” म्हटलं की जाळीच्या दोन्ही बाजूंच्या बायका धावायच्या आणि फूल मधेच पडायचं. बायकांनी “अहो” म्हटलं की जोडीदार उभाच आणि बाकावर बसलेला नवरा चहा सांडून उठायचा. मामलेदार कचेरीतले एक गृहस्थ तर सवयीने “आलो, आलो” म्हणत कोर्टात शिरले.

सुभेदारांनी लगेच हुकूम काढला. “कोर्टात नातं न्हाई. वैनी न्हाई, भावजी न्हाई, अवं-अगं तर न्हाईच न्हाई. फकस्त उजवा आन डावा. ज्याच्या तोंडातनं नातं निगंल, त्याचा पॉइंट गेला.”

मी त्यांना बाजूला घेतलं. “अहो, तुम्हाला एक वाक्य हवंय ना? मग हा कसला नियम?”

स्वतःच्याच सुरुंगावर पाय पडला होता. पण हुकूम दिलेला परत घ्यायची त्यांच्या पलटणीत पद्धत नव्हती.

सांगलीकर आले. या वेळी भडंगाची पिशवी दारातच उघडली गेली, आम्ही कंदी पेढे पुढे केले, आणि अजिंक्यताऱ्याच्या सावलीत चाक फिरू लागलं. म्हातारी जाळीच्या खांबाशी खुर्ची टाकून बसली होती, अशी की दोन्ही बाजू तिच्या नजरेत. सांगलीच्या पाचवारीतल्या बायका निऱ्यांत अडखळत होत्या. सुभेदारीणबाईंचा नऊवारीचा कासोटा पक्का. उजव्याबरोबर, डाव्याबरोबर, सांगलीच्या इंजिनियरबरोबर, आमच्या पोस्टमास्तरांबरोबर, सगळ्यांबरोबर त्या खेळल्या आणि गुण घेत गेल्या. अवाक्षर न काढता.

सुभेदारांनी पाळ्या अशा लावल्या होत्या, की त्यांची स्वतःची जोडी अगदी शेवटी पडावी. “तंवर तिची भीड मोडंल,” हे मला कानात सांगून झालं होतं. भीड मोडली ती भलत्याचीच. बायको शेजारी उभी राहिली मात्र, ब्रह्मदेशाच्या रानात न डगमगलेला हा माणूस पहिलं फूल जाळीत मारून मोकळा झाला. दुसरं छपरावर. “उजवा,” ते पुटपुटायचे, आणि डावीकडे धावायचे. बाई एकट्या खिंड लढवत होत्या. तरीही डाव बरोबरीत आला. आता एकच गुण. तो मिळाला तर बायकांचा तांब्या सुभेदारीणबाईंचा, गेला तर जाळीपलीकडे उभ्या असलेल्या सांगलीच्या इंजिनियरबाईंचा.

फूल उंच आलं. बाईंच्या डोक्यावर, सरळ त्यांच्याच वाट्याचं. आणि सुभेदार रॅकेट उगारून त्याच्याखाली घुसले.

“अवं, सरका की तिकडं. मला येतंय घ्याय,” बाई ओरडल्या, नवऱ्याला कोपराने ढकललं आणि फूल असं मारलं, की ते पलीकडे मातीत आडवं झालं.

टाळ्या पडल्या आणि पडता पडता थांबल्या. सगळे माझ्याकडे बघू लागले. पंचाला नियम पाळावा लागतो, पण मी चष्मा पुसू लागलो. ते काम शेवटी सुभेदारांनीच केलं. टाचा जुळवल्या.

“मामला गंभीर हाय,” ते म्हणाले. “नातं निगालं. पॉइंट सांगलीचा.”

आणि मी पाहिलेल्या माणसांमध्ये तांब्या गमावून इतका आनंदलेला माणूस दुसरा नाही. बाईंना मात्र आता कुठे उमगलं आपण काय केलं ते. पदर तोंडाशी गेला. त्यांनी खांबाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. म्हातारी खुर्चीतून उठत होती.

ती काय म्हणाली ते सांगतो. जरा थांबा.

सुभेदार पुढे दुकान विकून गावी गेले, ऊस लावला. मी वर्षाआड जायचो. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी यायचं, आणि बाई सोप्यात बसून अखंड बोलायच्या: पाण्याची पाळी, वासराचं दुखणं, शेजारणीची लेक. सुभेदार मान डोलवायचे. “ऐकू येतं का हो?” मी एकदा त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. “समदं न्हाई,” ते म्हणाले. “पर थांबत न्हाई, ह्ये बेस हाय.” गेल्या साली ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, “मनात काय बी ठिवलं न्हाई बगा. समदं बोलून झालं.” एवढं कोणाला म्हणता येतं?

क्लबाची जाळी केव्हाच गेली. पण मला सुभेदार आठवतात ते त्या संध्याकाळचे: टाचा जुळलेल्या, पॉइंट हरलेले, बायकोच्या आणि आईच्या मधोमध उभे. म्हातारी काठी टेकत कोर्टात आली. सुनेकडे पाहिलं. लेकाकडे पाहिलं. मग मटकन जमिनीवरच बसली आणि साऱ्या साताऱ्याला आणि सांगलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“सुटले गं बया. ह्यांचं निरोप पोचवून माजी जीब झिजली हुती.”