बिनमातीचा पालक

डबा उघडला की ते आधी भाजी नाकाशी न्यायचे. डोळे मिटून वास घ्यायचे, थोडं थांबायचे आणि मगच भाकरीचा तुकडा मोडायचे. "आधी वास, मंग घास," हे त्यांचं रोजचं वाक्य. जालन्याच्या आमच्या पाटबंधारे कचेरीत ते वरिष्ठ कारकून होते आणि गल्लीत माझे शेजारी. कचेरीतले लोक हसायचे, मीही हसायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा जपून जगणारा माणूस असेल. आपण त्याला भित्रा म्हणतो आणि मोकळे होतो.

त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांचा धाकटा भाऊ हसनाबादला शेती करायचा. एकदा हे सुट्टीवर गावी गेलेले असताना भाऊ कपाशीवर फवारणी करून बांधावर आला, तसाच जेवायला बसला आणि दिवस मावळायच्या आत गेला.

"त्याला भाकर म्याच देल्ती," ते म्हणाले. "हात धू म्हणायचं राह्यलं."

पुढे त्यांची मुलगी लता बाळंतपणाला माहेरी आली. पहिल्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पालेभाजी खायला सांगितली आणि यांना बाजारातल्या एकाही जुडीचा भरवसा वाटेना. आणलेली मेथी मिठाच्या पाण्यात धुवायची, हळदीच्या पाण्यात धुवायची आणि शेवटी फेकून द्यायची. गाईलासुद्धा घालू द्यायचे नाहीत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, कपाळाला हात लावायच्या.

त्याच सुमारास त्यांनी एका कृषी प्रदर्शनात मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवलेली भाजी पाहिली. रविवारी मला घेऊन ते औरंगाबादच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने दोन तऱ्हा दाखवल्या. एकीत लोखंडी मांडणीवर भोकं पाडलेले पाइप होते, मोटर त्यांतून पाणी फिरवत राहायची. दुसरीत झाकणाचा साधा टब होता. झाकणाच्या भोकांत रोपं बसवायची, मुळं खाली पाण्यात लोंबत राहतात. तिला मोटर नको, वीज नको.

"अन् लाईट गेली तर?" त्यांनी पाइपांकडे बघत विचारलं. भारनियमनाचे दिवस होते ते.

"जास्त वेळ गेली तर मुळं सुकतील. तेवढा वेळ तुम्ही हातानं पाणी घाला."

"अन् या टबातलं पाणी?"

"ते तसंच राहतं. झाकण असतंय ना."

साचलेलं पाणी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मच्छर, ताप, गरोदर पोरगी. बराच वेळ ते दोन्हींच्या मध्ये उभे होते. "फिरतं पाणी बराबर," ते शेवटी म्हणाले. मग पाण्यात कालवायच्या खताची पुडी हातात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "हे बी औषधच का?"

"खत आहे काका, विष न्हाई."

तरी ती पुडी घरी आल्यावर कपाटात कुलुपात गेली.

गच्चीवर पाइप लागले, पालक उगवला. लाईट गेली की हे तांब्या घेऊन वर धावायचे. एका सकाळी लता अनवाणी पायांनी कपडे वाळत घालायला गेली. फरशी ओली होती. मोटरमधून वीज पाण्यात आणि मांडणीत उतरली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने आधाराला मांडणी धरली. किंकाळी मी माझ्या घरात ऐकली. मी पोचलो तेव्हा यांनी खालचं मेन बटन पाडलेलं होतं आणि लता फरशीवर कुशीवर पडलेली होती, शुद्धीवर, पण पोट दोन्ही हातांनी घट्ट धरून.

रिक्षाने आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या बाकड्यावर ते माझं मनगट धरून म्हणाले, "पुन्हा माझ्याच हातानं." तपासणीच्या खोलीचं दार बंद होतं, आतून आवाज येत नव्हता, आणि तो न येणारा आवाज ऐकत आम्ही दोघं बसून राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडून त्यांना आत बोलावलं, मी उघड्या दाराशी थांबलो. लताच्या पोटावर त्यांनी एक छोटं यंत्र टेकवलं. खरखर झाली आणि मग त्यातून भरभर ठोके ऐकू यायला लागले, लांबून घोडा दौडत यावा तसे. हे भिंतीला पाठ घासत खालीच बसले.

घरी येताच ते सगळं भंगारात द्यायला निघाले. लता खाटेवरून म्हणाली, "बाबा, मोटर टाका. पालक कशाला टाकता?"

"मला आता कशाचाच भरवसा न्हाई वाटत, बाई."

"मला वाटून राह्यला ना. टब आणा. मच्छराचं मी बघते."

टब आले. तिने झाकणाच्या फटी काचा बसवायच्या, ओल्या कणकेसारख्या दिसणाऱ्या लांबीने स्वतः बुजवल्या. पालक हळू वाढला, पण वाढला. पहिली भाजी यांनी एकट्याने खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला शिवू दिली नाही. रजा टाकून ओट्यावर बसले होते, स्वतःची नाडी चाचपत. वहिनी आत रडवेल्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लता जेवायला बसली तेव्हा मीही तिथेच होतो. तिचा प्रत्येक घास हे टक लावून बघत होते. तिने ताट पुसून खाल्लं आणि आणखी मागितलं. वहिनींनी वाढलं.

लताला मुलगी झाली, ठणठणीत.

ते गेले निवृत्तीनंतर, एका उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत. तेराव्यानंतर लता वहिनींना आपल्याबरोबर नाशिकला घेऊन गेली. निघायच्या आधी ती गच्चीवर गेली, टबांतलं पाणी ओतलं, टब घासले आणि कठड्याला उपडे लावून ठेवले. तिची लेक शेजारी उभी राहून पालकाची उरलेली पानं एकेक करून खात होती, न धुता, आणि कुणीही तिला अडवत नव्हतं.