भिंतीवरची ताठ बाई

दवाखान्याच्या भिंतीवर एकाच बाईचे दोन फोटो होते, स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा. आधी ती वाकून उभी होती, नंतर ताठ. दुसऱ्या फोटोत उजेडही जास्त होता, आणि व्रण कुठेच नव्हता. मी तसं बोलून दाखवलं.

"तू काय पोलीस आहेस का?" माझी होस्टेलमधली मैत्रीण सुरेखा म्हणाली. तपासून घ्यायला आलेली तीच, मी सोबतीला. तिच्या खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ आहेत, पाठ रोज दुखते. भर उन्हाळ्यातही ती ओढणीला दोन्हीकडे पिना लावून वर्गात बसते. तिच्या दुखण्याबद्दल मला शंका नव्हती, त्या ताठ बाईबद्दल होती.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंना मीच विचारलं, "व्रण राहत नाहीत ना?"

"राहतात. फिके होतात, पण जात नाहीत. कधी जखम भरायला वेळ लागतो, कधी तिथली संवेदना कमी होते. पाठीला बहुधा आराम पडतो."

"आणि पुढे बाळाला दूध?" सुरेखाने हळूच विचारलं.

"पाजता येईलही, नाहीही. आज नक्की सांगता येणार नाही."

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथे जो तो मला ठामपणे काहीतरी सांगतो, आणि मी मान डोलावून मनात शंका धरते. नक्की सांगता येणार नाही, असं म्हणणाऱ्यावर मात्र का कोण जाणे, विश्वास बसतो.

"खरं बोलल्या गं त्या," बाहेर आल्यावर मी म्हटलं.

"म्हणून तर आता भीती वाटतेय."

"मग नको करूस."

"असं कुठे म्हटलं मी? पाठ माझी दुखते. थोडं घाबरू दे, मग ठरवते."