सीलबंद मोबाइलमधले पैसे

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण पनवेलची ती केस अजून मनातून जात नाही.

आपटा गावाकडचा एक म्हातारा शेतकरी आमच्या पोलीस ठाण्यात आला. जमिनीचा मोबदला त्याच्या तिशीतल्या मुलाने मोबाइलवरच्या जुगारात घालवला होता. खारघरचा एक एजंट रोख पैसे घेऊन क्रिप्टोचे कॉइन द्यायचा आणि त्यांवर जुगार चालायचा. शरमेने मुलगा मोरा बंदरात मासेमारीच्या बोटीवर कामाला लागला. पैसे परत मिळाल्याशिवाय घरी येणार नाही म्हणाला.

"सायेब, मना पैसं नको, पोर पायजे," म्हातारा म्हणाला.

त्याने दिलेल्या पत्त्यावर आम्ही छापा घातला. एजंटच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये भरपूर कॉइन दिसत होते. पंचनामा केला, मोबाइल लाखेने सील करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. मटक्याच्या अड्ड्यावरची रोकड आम्ही अशीच जप्त करत आलो होतो. मी मोठ्या तोऱ्यात म्हाताऱ्याला सांगितलं, "पैसे आमच्या कुलपात आहेत. बोलवा पोराला."

चौकशीत एजंट मलाच कायदा विचारत होता. "कॉइन विकायला बंदी आहे का, सर? दाखवा ना कलम."

दुसऱ्या दिवशी सायबर शाखेच्या अधिकाऱ्याने पंचांसमोर सील तोडलं. वॉलेट रिकामं होतं. ज्याच्याकडे वॉलेटचे बारा गुप्त शब्द असतात तो कुठूनही पैसे हलवू शकतो, एवढंही मला ठाऊक नव्हतं. ते शब्द एजंटच्या भागीदाराकडे होते. त्याने एजंटचाही वाटा लांबवला होता; हे कळताच एजंट पोपटासारखा बोलू लागला. भागीदार सापडला, पैसे मात्र परदेशात गेले ते गेलेच.

सील तोडलं त्याच दुपारी मुलगा ठाण्यात आला. "मिळतील ना, साहेब?" मी खरं ते सांगितलं. समोरचा चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

तासाभराने म्हातारा पोचला. त्याच्या हातात भाकरी आणि सुकटीचा डबा होता. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "खोटं सांगाचं व्हतं, सायेब. पोर घरी तरी आला असता."

आता असे कॉइन जप्त करताना आधी सरकारी वॉलेटमध्ये वळवून घेतात, विक्रीलाही नियम आलेत. बरं झालं. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्याचा शब्द कुणाला देऊ नये, हे मी तेव्हा शिकलो.

मुलाने ती बोट सोडली, पुढे त्याचा पत्ता लागला नाही. म्हातारा अजून आहे. मी अधूनमधून मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन परतणाऱ्या बोटींवरचे चेहरे बघत बसतो. तो दिसावा असं फार वाटतं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय: पैसे मिळाले, घरी जा.