लिंबाची बी

आशालताबाईंच्या लक्षात सायली पहिल्यांदा राहिली ती पौडच्या शाळेत, सातवीच्या वर्गात. कशाकशातून वीज जाते ते बघा, म्हणून बाईंनी मुलांना बॅटरी, बल्ब आणि वायरी दिल्या होत्या. बाकीचे किल्ली, खिळा, पट्टी करून मोकळे झाले. ही मात्र खिडकीच्या काचेला वायरी लावून उभी. काचेतून वीज जात नाही गं, बाई म्हणाल्या.

"न्हाई जात," मान न वळवता ती म्हणाली. "पन बगते."

पुढं पुण्यात पीएच.डी. करताना ती काचेवर जस्ताच्या ऑक्साइडचा असा पातळ थर चढवायला शिकली, की काचेतून आरपार दिसावं आणि वीजही वाहावी. प्रकाशावर चालणाऱ्या चिपांना तो लागतो. दरम्यान पौडजवळच्याच चांदे गावच्या निरंजनशी लग्न झालं. बंगळूरच्या एका कंपनीनं नमुने घेऊन बोलावलं. ते तपासणीत उतरले की नोकरी पक्की. निरंजन एकदाही नको म्हणाला नाही. उलट पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं विचारलं, हे खराब कशानं होतं? तिच्या कामाबद्दल त्यानं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ती हरखली. पाण्यानं काही होत नाही, आंबट मात्र लागता कामा नये, लिंबाच्या रसानंसुद्धा थर विरघळतो, असं तिनं हौसेनं समजावलं.

"लई नाजूक हाय बाई तुझी काच," तो म्हणाला. सकाळी नमुन्यांची डबी त्यानंच तिच्या हातात दिली. जपून ने म्हणाला.

बंगळूरला एकाही काचेतून वीज जाईना. उजेडात दिसणारी थराची फिकट जांभळी झाक कुठंच नव्हती. साध्या काचा आणून खोटे आलेख दाखवता, असं साहेबांनी शांतपणे ऐकवलं. मग विचारलं, डबी कुणाच्या हाती होती?

सायलीनं डबीत पाहिलं. काचांखालच्या कागदाच्या घडीत लिंबाची बी चिकटली होती.

"माझ्याकडंच होती," ती म्हणाली.

बातमी तिच्याआधी पुण्यात पोचली. पुन्हा करून दाखवते म्हणाली, तर थर चढवायच्या यंत्राच्या खोलीत तिला कुणी पाऊल ठेवू दिलं नाही.

बाई चांद्याला भेटायला गेल्या तेव्हा निरंजननं हसून सरबत पुढं केलं. "घ्या बाई. घरचीच लिंबं हायेत."

बीची हकीकत सायलीनं फाटकापाशी सांगितली. तेव्हाच का बोलली नाहीस, असं बाईंनी विचारलं.

"परक्यांत नवऱ्याचं नाव कसं घेऊ, बाई?"

सायली चांद्यातच राहते. घरामागं भाड्याच्या खोल्या आहेत. भाडेकरू गेला की खोली तीच धुते.